शुश्रूषेचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो आणि येणारे-देणारे सारे या पानांत नीट उतरो अशी मनोमन प्रार्थना करतो. परंतु पुष्कळ घरांत एक काम असे असते की, ते कोणत्याच वहीत उतरत नाही. माजघरापलीकडच्या खोलीत कुणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले असते. पक्षाघाताने पडलेले सासरे असतील, जन्मतः पांगळे मूल असेल, विहिरीवर पडून कंबर मोडलेला कर्ता मुलगा असेल. त्याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवायचे, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, भरवायचे, मलमूत्र काढायचे. दिवाळीच्या पहाटेही पहिले अभ्यंगस्नान त्याचेच. हे सारे करणारी बहुधा घरातली सून, आई नाही तर बायको असते. या कामाचा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न आजचा वाटतो खरा. पण त्याची मुळे आपल्या इतिहासात खोल गेलेली आहेत.

अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, जामखेड तालुका यासाठी पाहण्यासारखा आहे. या एकाच तालुक्यात खर्डा आहे, चोंडी आहे आणि खुद्द जामखेडही आहे. तिन्ही गावांशी पीडितांना आधार देण्याच्या तीन निराळ्या रीती निगडित आहेत.

प्रथम खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि मराठ्यांचा जय झाला. या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, त्यांचे पुतणे विठ्ठलराव कामी आले. रणात पडलेल्यांच्या मुलाबाळांना मराठेशाहीत जी नेमणूक मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. ही रीत जुनीच. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत अफझलखान-प्रसंगानंतरची हकीकत आहे. शिवाजी महाराजांनी जखमींना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. निपुत्रिक मृतांच्या बायकांना निमे वेतन चालू केले. जखम पाहून पैसा, हा हिशोब त्या काळाच्या मानाने उदारच म्हटला पाहिजे. पण त्यात एक गोष्ट नाही. हात तुटलेला शिपाई घरी गेल्यावर त्याला घास भरवणारा हात कोणाचा, हे त्या हिशोबात येत नाही. तो हात घरचाच, असे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. त्यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. राज्याचा पैसा वेगळा आणि धर्मादायाचा वेगळा, ही त्यांची शिस्त आजही आदराने सांगितली जाते. परंतु अन्नछत्राला एक मर्यादा असते: तिथपर्यंत चालत जावे लागते. जो उठू शकत नाही, त्याच्या उशाशी धर्मादाय क्वचितच पोहोचतो.

मग उशाशी बसणाऱ्याचे नाव हिशोबात आले तरी केव्हा? ते प्रथम आले लष्करात. नगर हे लष्कराचे गाव. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४८ पासून आहे. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत कोणी जवळ हवे अशा निवृत्त सैनिकाला पेन्शनशिवाय परिचर-भत्ता मिळतो. दुसरीकडे हे नाव न्यायालयात आले. अपघातात पूर्ण परावलंबी झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा विचार केला की, दिवसरात्र सांभाळायला एक माणूस पुरणार नाही, दोन लागतील. प्रत्येकी दरमहा ५,००० रुपये धरून न्यायालयाने केवळ शुश्रूषेसाठी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. म्हणजे जिथे कोणाचे तरी देणे लागते, तिथे शुश्रूषेची किंमत ठरते. जिथे केवळ दया असते, तिथे ती ठरत नाही.

विलायतेतही हेच झाले. तिथे अपंगांसाठी परिचर-भत्ता १९७१ साली सुरू झाला आणि १९७६ साली घरी सांभाळणाऱ्यालाही भत्ता मिळू लागला; पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या घरीच असतात, मग त्यांचे नुकसान ते काय, असा युक्तिवाद होता! युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे १९८६ साली ही अट गेली.

आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिच्यातले अपंगांचे अनुदान दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० करण्याचे राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवले. वाढ चांगलीच, पण दिवसाचे ते ८३ रुपये होतात. त्यातच औषध, त्यातच अन्न आणि शुश्रूषाही त्यातच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मात्र एक नवा शब्द आणला. ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा, असे त्याचे २४ वे कलम सांगते. अर्थात सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने त्याआधीच, २०१० च्या सुमारास, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजना काढून दरमहा थोडी रक्कम देऊ केली होती. रक्कम लहान, पण ती सांभाळणाऱ्यासाठी होती, हे महत्त्वाचे.

आणि आता जामखेड. राहुरीत जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी खेड्यातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न घालवता घरीच उपचार देणे, त्याच्या बधिर पायांची निगा घरच्यांना शिकवणे, ही कामे या बायकांनी केली. ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी कृत्रिम पाय जामखेडलाच तयार होऊ लागले. शुश्रूषा हा केवळ मायेचा उमाळा नव्हे, ती शिकण्याची विद्या आहे, हे जामखेडने दाखवले. आणि जी विद्या आहे, तिला मोल असले पाहिजे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे आजारपण असेल, तर संकोच करू नये. अपंगत्वाचा दाखला काढावा, तहसील कचेरीत अनुदानाचा अर्ज करावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारावे. ही भीक नव्हे, येणे आहे.

आणि यंदा वहीची पूजा झाली की, मागच्या खोलीतून पदराला हात पुसत बाहेर येणाऱ्या त्या बाईला पाटावर बसवावे. तिचे देणे कोणत्याही ओवाळणीने फिटणारे नाही. पण ते देणे आहे, एवढे तरी घरात मोठ्याने म्हटले गेले पाहिजे.