तेलाचा एक थेंब अधिक

वंगणावाचून गाडीचे चाक कुरकुरते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. यंत्रयुग आले आणि बैलांची जागा इंजिनाने घेतली. परंतु तेलावरील श्रद्धा तशीच राहिली. थोडे तेल चांगले, तर अधिक तेल अधिक चांगले, असा त्या श्रद्धेचा साधा हिशेब. तो दिल्लीला किती महाग पडला, हे त्या नगरीच्या अलीकडच्या इतिहासात दिसते.

इंधनात काही मिसळून इंजिन सुधारण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग शिशाचा होय. पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच आपसूक पेटला, तर इंजिन ठोके देऊ लागते आणि त्याची शक्ती वाया जाते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेडचा अल्प अंशही हे ठोके थांबवितो. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. पुढच्याच वर्षी हे द्रव्य हाताळणारे कामगार न्यू जर्सीत विषबाधेने दगावले. तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. धुरावाटे पसरणारे शिसे बालकांच्या मेंदूला अपाय करते, हे जगाने पुरते मानावयास आणखी अर्धे शतक जावे लागले.

दिल्लीच्या हवेचा प्रश्न वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण सक्तीचे झाले. शिशामुळे ते निकामी होते. म्हणून त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले.

शिसे तेलशुद्धीकरण कारखान्यात मिसळले जाई, म्हणून ते तेथेच थांबविता आले. वंगणाची गोष्ट वेगळी होती. त्या काळच्या स्कूटर व ऑटोरिक्षा बहुतांशी दोन-फटक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनावर चालत. या इंजिनात वंगण पेट्रोलातच मिसळावे लागते, आणि ते इंधनाबरोबर जळते किंवा अर्धवट जळून धुरावाटे बाहेर पडते. स्कूटरला सुमारे दोन टक्के आणि रिक्षाला तीन टक्के वंगण पुरेसे असते. परंतु चालक सुटे, स्वस्त तेल विकत घेत आणि अंदाजाने जास्तच ओतीत. यात त्यांचा अविचार नव्हता. इंजिन जखडले तर दिवसाची कमाई बुडणार, ही धास्ती त्यांच्या मनात असे. निळसर धूर मात्र सर्वांच्या वाट्याला जाई. अति तेथे माती हा न्याय येथेही लागू पडे. जादा तेलाची काजळी ठिणगीच्या प्लगवर व धुराच्या वाटेवर साचे आणि जे इंजिन जपावयाचे, तेच मंदावे.

जानेवारी १९९८ मध्ये सनदी अधिकारी भुरे लाल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी पर्यावरण प्राधिकरण नेमले गेले. त्याच वर्षी २८ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, दिल्लीतून शिसेयुक्त पेट्रोल १ सप्टेंबरपर्यंत हद्दपार व्हावे आणि ३१ डिसेंबरपर्यंत टू-स्ट्रोक वाहनांना पंपावर योग्य प्रमाणात वंगण मिसळलेलेच पेट्रोल मिळावे.

या दुसऱ्या कलमाकडे इतिहासात फारसे लक्ष जात नाही. बसगाड्यांना नैसर्गिक वायूवर आणणाऱ्या कलमाने पुढे मोठे वादळ उठविले, आणि त्या वादळात हे झाकले गेले. तथापि त्यातील शहाणपण मोठे आहे. लाखो चालकांना उपदेश करण्यापेक्षा, किंवा चौकाचौकांत दंड करण्यापेक्षा, तेलाचे माप पंपाकडेच सोपविणे सोपे होते. त्यात चालकाचे इंजिनही सुरक्षित राही, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याचा श्वासही थोडा हलका होई.

२००० साली देशभरातून आणि २०२१ साली, अल्जीरियातील विक्री थांबल्यावर, जगभरातून मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल नाहीसे झाले. दिल्लीची हवा आजही निर्मळ नाही. तरी एका यंत्राचे हित आणि अनेकांचे आरोग्य यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, एवढे त्या वर्षाने दाखवून दिले.