लिहिलेलें नृत्य आणि नाचलेलें नृत्य

खानदेश हा कागद जपणारा प्रांत आहे. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थसंप्रदायाचीं बाडें गोळा करण्यांत आयुष्य वेंचिलें. त्याच धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. त्यांचें कार्य पुढें चालावें म्हणून १९२७ त त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. वाळवीच्या तोंडीं गेले असते असे किती तरी कागद यामुळें वांचले. परंतु प्रांताचा सगळाच इतिहास कागदावर नसतो. कांहीं इतिहास पायांत असतो. तो ढोलाच्या ठेक्यावर उमटतो आणि ढोल थांबला कीं मावळतो. त्याचें जतन कसें करावें, हा प्रश्न मात्र आपण अद्याप पुरता विचारांत घेतलेला नाहीं.

नृत्य लिहून ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’चा सातवा अध्याय नृत्यास दिला. त्याच शतकांत काकतीयांचा सेनानी जाय यानें ‘नृत्तरत्नावली’ रचिली. तींत एक मार्मिक हकीकत आहे. कल्याण येथें भूतमातेच्या उत्सवांत चालुक्य राजा सोमेश्वर यानें भिल्लिणीच्या वेषांत गात नाचणारी एक स्त्री पाहिली आणि प्रसन्न होऊन त्या नाचावरून ‘गोंडली’ नामक प्रकार सिद्ध केला. कां कीं, महाराष्ट्रांत भिल्लिणीस ‘गोंडिनी’ म्हणत.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. राजाचें नांव उरलें, प्रकाराचें नांव उरलें, नियमहि उरले. नाचणारीचें नांव मात्र उरलें नाहीं. गोंधळाचें नातें कांहीं संशोधक या गोंडलीशीं जोडतात खरें. पण ग्रंथांत वर्णिलेली गोंडली त्या रूपांत आज कोणी नाचत नाहीं. ग्रंथ वांचला, नृत्य गेलें.

इंग्रजी अमदानींत १८८० सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर निघाला. १९०७ त ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीनें भिल्ली व खानदेशी बोलींचे नमुने छापिले. जाती, बोली व चालीरीती यांची माहिती त्यांत मुबलक आहे. परंतु पाऊल कोणत्या मात्रेवर पडतें आणि फेर कोणत्या अंगानें फिरतो, हें टिपणें त्या ग्रंथांचें कामच नव्हतें.

तरीहि येथील नृत्यें टिकलीं, तीं कशाच्या बळावर? माझ्या मतें, प्रसंगाच्या बळावर. होळीपूर्वीं सातपुड्यांत भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि पावरा मंडळी ढोल घेऊन तेथें जमतात. अक्कलकुवा तालुक्यांतील काठीची होळी तर प्रसिद्धच आहे. तो मुलूख आज नंदुरबार जिल्ह्यांत असला, तरी १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यांत मोडे. तेथें ‘बुध्या’ होणारा पुरुष मोरपिसांचा टोप घालतो, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरूं बांधतो. पण त्याआधीं कित्येक दिवस तो खाटेवर निजत नाहीं व ब्रह्मचर्य पाळतो. साक्रीकडे मार्गशीर्षांत डोंगऱ्यादेवाचे व्रतस्थ पुरुष पावरीच्या सुरावर फेर धरतात. श्रावणांत जळगांव-धुळ्याकडील घरांतून कानबाई बसते आणि विसर्जनाच्या वेळीं बायका भर रस्त्यांत फुगड्या घालतात. यांतील कोणतेंहि नृत्य मुळांत प्रेक्षकांसाठीं नाहीं. तें नवसाचें, व्रताचें, देवाचें देणें आहे. तें फेडल्यावांचून वर्ष पुरें होत नाहीं.

म्हणून चलच्चित्र घेतलें कीं काम संपलें असें मानणें, म्हणजे सोमेश्वराच्याच वाटेनें जाणें होय. यंत्र गिरकी टिपतें. गिरकीमागचें व्रत टिपीत नाहीं. सरदार सरोवरामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं. तीं अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतलीं. त्यांतील अनेक कुटुंबें तळोद्याकडील सपाटीवर वसविलीं गेलीं. नव्या वसाहतींत ढोल नेतां येतो. ज्या डोंगरापुढें तो वाजे, तो डोंगर नेतां येत नाहीं. युनेस्कोच्या २००३ च्या करारांत, ज्यांत भारत २००५ सालीं सामील झाला, रक्षण या शब्दांत नोंदीबरोबर पुढील पिढीच्या हातीं सोंपविणेंहि धरलें आहे, तें याचसाठीं.

नोंद अवश्य व्हावी. परंतु तींत नाचणाऱ्याचें व ढोल मढविणाऱ्याचें नांव त्यांच्या संमतीनें असावें, गाणें त्यांच्याच बोलींत असावें, व्रताचे दिवस व नियम असावे. आणि तिची एक प्रत ज्या गांवचें नृत्य त्या गांवच्या शाळेंत राहावी. राजवाड्यांनीं आपणांस अस्सल साधनांचा आग्रह शिकविला. नृत्याचें अस्सल साधन म्हणजे नाचणारा मनुष्य होय. तो आपल्या डोंगरीं, आपल्या देवापुढें नाचूं शकेल इतकी जागा त्यास राहिली, तरच आपल्या दप्तरांना अर्थ आहे.