आकड्यांची प्रयोगशाळा

निसर्गातला एखादा व्यवहार समीकरणांत मांडायचा, ती समीकरणे कागदावर सुटत नाहीत म्हणून जागेचे आणि वेळेचे लहान लहान तुकडे पाडायचे, आणि तुकड्यातुकड्याने आकडेमोड करत उत्तराकडे जायचे, ही संगणकीय मॉडेलाची पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवेच्या दाबातला सहा तासांचा बदल याच रीतीने हाताने काढून दाखवला. त्या हिशेबाला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकले. साऱ्या जगाचे हवामान वेळेत मोजायचे तर ६४,००० गणित करणारी माणसे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. १९५० मध्ये ज्यूल चार्नी, जॉन फॉन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनिअॅक या अमेरिकन यंत्रावर हाच प्रयत्न पुन्हा केला, तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले. तरीही वाट बरोबर असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. सिद्धान्त आणि प्रयोग यांच्या जोडीला संशोधनाचे हे तिसरे साधन आले. प्रस्थापित प्राध्यापकांच्या आधी ते पुष्कळदा पीएच.डी. करणाऱ्या तरुणांनी हाती घेतले.

भारतात पहिला संख्यात्मक संगणक आला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५-५६ च्या सुमारास. तो इंग्लंडहून विकत आणलेला होता. मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःच यंत्र बांधायचे ठरवले. अमेरिकेतून गणिताची पीएच.डी. करून १९५४ मध्ये संस्थेत आलेले रंगस्वामी नरसिंहन या कामाचे प्रमुख होते. आधी एक छोटे प्राथमिक यंत्र तयार झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र चालू झाले. संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाला १९६२ मध्ये आलेल्या जवाहरलाल नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नाव ठेवले.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही स्मृती अवघी दहा किलोबाइट. एखाद्या घनाकृती जागेची प्रत्येक बाजू दहा बिंदूंत विभागली आणि प्रत्येक बिंदूला एकच आकडा दिला, तरी निम्मी स्मृती संपते; उरलेल्या निम्म्यात प्रोग्रामही बसवायचा आणि मधली उत्तरेही. त्यामुळे या यंत्रावर काम करणाऱ्याला पहिली कसोटी आपला प्रश्न किती लहान करता येईल ही असे. त्रिमितीतला प्रश्न द्विमितीत आणावा लागे, कधी एकाच रेषेवर. तो इतका लहान होऊनही खरा राहिला पाहिजे, ही अट पाळणे आकडेमोडीपेक्षा अवघड होते, आणि या विद्येतले खरे शिक्षण तेच होते.

१९६४ मध्ये टिफ्रॅकची जागा सीडीसी ३६०० या अमेरिकन संगणकाने घेतली. त्याच्या स्मृतीत सोळापट शब्द मावत. देशभरातल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना तो वापरता येई. एका अर्थाने ते राष्ट्रीय संगणन केंद्रच होते. पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, आणि छापील कागदांची चळत घेऊन परतायचे. एका कार्डात स्वल्पविराम राहिला तर साराच फेरा वाया जाई. ज्याला यंत्र पुन्हा केव्हा मिळेल याची खात्री नाही, तो गठ्ठा देण्याआधी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासतो. त्या पिढीच्या संशोधकांमधली काटेकोरपणाची सवय अशी टंचाईतून आली.

याच जातीच्या सीडीसी ३६०० यंत्रावर, पण शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत, मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू घेऊन प्रत्येकाची हालचाल न्यूटनच्या नियमांनी मोजली. ते काम १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांच्या रेणूंपासून पोलादातल्या भेगांपर्यंत असंख्य प्रबंध आज ज्या रेणवीय गतिकीवर लिहिले जातात, तिच्यात खऱ्याखुऱ्या पदार्थासारखे वागणारे द्रव पहिल्यांदा दिसले ते या कामात. द्रवाच्या एका थेंबात असलेल्या अणूंपुढे ८६४ ही संख्या काहीच नाही. प्रश्न लहान करूनही खरा कसा ठेवायचा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

संगणक नसतानाही मॉडेलावरचे संशोधन किती दूर जाऊ शकते, हे त्याच काळात मद्रास विद्यापीठात दिसले. गो. ना. रामचंद्रन यांच्या गटातले सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनांच्या साखळीचा विचार दोन कोनांच्या भाषेत केला. अणू म्हणजे एकमेकांत न शिरणारे टणक गोळे असे मानायचे, दोन्ही कोन थोडेथोडे फिरवायचे, आणि प्रत्येक वेळी कुठले दोन अणू एकमेकांवर आदळतात ते मोजायचे. हे हिशेब टेबलावरच्या गणनयंत्रांवर झाले. त्यातून निघालेला नकाशा १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगभर गेला. रचना पूर्णपणे माहीत झालेली प्रथिने तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. नंतर हजारो रचना उलगडल्या, तरी नवी रचना बरोबर आहे की नाही हे तपासताना जीवशास्त्राचा विद्यार्थी आजही त्या आलेखाकडे वळतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत संगणक पोहोचवण्याचे मोठे श्रेय कानपूरच्या आयआयटीकडे जाते. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० आला. यंत्राच्या पेट्या शेवटच्या टप्प्यात बैलगाडीतून आणल्या गेल्याची आठवण त्या काळातल्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे. यंत्रापेक्षा महत्त्वाचे होते ते तिथले शिक्षण. फोरट्रान ही भाषा सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाऊ लागली आणि व्ही. राजारामन यांच्या स्वस्त पाठ्यपुस्तकांनी ती इतर महाविद्यालयांतही नेली. मुंबईच्या पवई आयआयटीला काही वर्षांनी सोव्हिएत मिन्स्क-२ मिळाला. यामुळे यंत्र अभियंता, रसायन अभियंता, स्थापत्य अभियंता हे सगळे एकाच भाषेत आपापली मॉडेले लिहू लागले. विद्याशाखांमधल्या भिंती इथे पहिल्यांदा पातळ झाल्या. उष्णता धातूतून कशी पसरते आणि क्षार मातीतून कसा झिरपतो, या दोन्हींचे समीकरण जवळजवळ सारखेच आहे हे प्रोग्राम लिहिताना आपोआप कळे.

महाराष्ट्राच्या भूमीतून या शास्त्राला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र एका आपत्तीतून आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण टिकले, पण सांडव्याच्या बाजूंना असलेल्या त्याच्या उंच खंडांवर पुढून आणि मागून आडव्या भेगा पडल्या. त्या वेळच्या रूढ पद्धतीने भूकंपाचा जोर म्हणजे धरणाच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा ढकलतो आहे असे धरले जाई. कोयनेसाठी तो पाच टक्के होता. या हिशेबात काँक्रीटमध्ये कुठेच ताण निर्माण होत नव्हता. प्रत्यक्षात भेगा समोर होत्या.

धरणातच बसवलेल्या त्वरणमापकाने मात्र जमिनीचे हादरे क्षणाक्षणाने टिपून ठेवले होते. ज्या धरणाला इजा झाली त्याच जागेची एवढी बलवान नोंद मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांच्या हाती पडली. रचनेचे लहान घटकांत तुकडे करून गणित करण्याच्या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव तिथल्याच रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले होते. बनारस हिंदू विद्यापीठातून अभियंता होऊन बर्कलीला गेलेल्या अनिल चोप्रा यांनी १९६६ मध्ये तिथे पीएच.डी. पूर्ण केली होती. त्यांनी आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी पी. चक्रबर्ती यांनी कोयनेच्या एका खंडाचा उभा छेद घटकांत विभागला आणि नोंदलेले हादरे जसेच्या तसे त्याच्या पायाला दिले. धरण स्वतः लवचिकपणे डोलते हे हिशेबात घेतल्याबरोबर ताणांचे चित्र पालटले. वरच्या भागात जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या सोसण्यापलीकडचा ताण दिसला. भेगा पडल्या होत्या त्या नेमक्या तिथेच.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने धरणांच्या आराखड्याची विचारसरणी बदलली. नव्या मॉडेलाला जगात कुठेही पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला तो असा: कोयनेच्या भेगा यातून दिसतात का? कॅलिफोर्नियापासून चीनपर्यंत धरणांच्या भंगावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आजही आपला प्रोग्राम आधी कोयनेवर चालवून बघतात, आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहातही ते धरण आहे. मॉडेल किती गुंतागुंतीचे आहे याला फारसे महत्त्व नसते. वास्तवाशी ते कुठे ताडून पाहिले आहे, यावर त्याची पत ठरते. कोयनेने ती जागा पुरवली, आणि तिची किंमत सातारा जिल्ह्यातल्या गावांनी मोजली होती.

मान्सूनच्या बाबतीत पुण्याचा संबंध आणखी थेट आहे. उष्णदेशीय हवामानाच्या अभ्यासासाठी १९६२ मध्ये पुण्यात संस्था स्थापन झाली. तीच आजची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम. तिथे काम केलेले जगदीश शुक्ल पुढे एमआयटीत चार्नींचे विद्यार्थी झाले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी प्रिन्स्टनच्या जागतिक मॉडेलात सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा अरबी समुद्र नेहमीपेक्षा थंड केला आणि बाकी सगळे तसेच ठेवले. बाष्पीभवन घटले आणि भारतावरचा पाऊस कमी झाला. खरा समुद्र असा कोणाला थंड करता येणार नाही. ‘काय झाले असते’ हा प्रश्न विज्ञानात विचारता येण्याची सोय मॉडेलांनी केली, ती अशी.

एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले होते की सुरुवातीच्या मोजणीतली बारीकशी चूकही काही दिवसांत साऱ्या अंदाजाला गिळून टाकते. मग महिनाभर पुढचा पाऊस सांगणे अशक्यच नाही का? चार्नी आणि शुक्ल यांनी १९८१ मध्ये उत्तर दिले की उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून रोजचे हवामान हातातून निसटले तरी हंगामाबद्दल काही सांगता येते. मान्सूनच्या आजच्या हंगामी मॉडेलांचा पाया हा आहे. पुण्याच्या सुलोचना गाडगीळ याही हार्वर्डहून उपयोजित गणितात पीएच.डी. करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटीएममध्येच आल्या आणि नंतर बंगळूरला गेल्या. मॉडेलातला मान्सून आणि उपग्रहांना दिसणारा ढगांचा पट्टा यांत तफावत असेल तर ढगांचे ऐकावे, ही शिस्त त्यांच्या कामामुळे या क्षेत्रात रुजली.

१९८० च्या दशकात मॉडेले मोठी झाली आणि यंत्रे अपुरी पडू लागली. अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला महासंगणक नाकारला आणि फक्त हवामान अंदाजासाठी, दिल्लीला, क्रे एक्स-एमपी दिला. १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणन संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने त्याआधीच ‘फ्लोसॉल्व्हर’ बांधला होता. या दोन्ही देशी यंत्रांत अनेक प्रोसेसर एकत्र काम करत. म्हणून जुने फोरट्रान प्रोग्राम त्यांवर जसेच्या तसे चालवून भागत नव्हते. काम वाटायचे कसे, शेजारच्या प्रोसेसरला कुठले आकडे कधी कळवायचे, हे नव्याने लिहावे लागे. ते लिहिण्याचे काम मोठ्या प्रमाणात संशोधक विद्यार्थ्यांवर आले. यंत्रांचे उद्घाटन वर्तमानपत्रांत झळकले. हे श्रम प्रबंधांच्या परिशिष्टांत राहिले, आणि इतिहासाने त्यांची दखल घ्यायला हवी.

जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यातच स्थापन केलेल्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रामध्ये विश्वातल्या द्रव्याचे पुंजके कसे बनतात यावर मॉडेले चालत. तिथले थाणू पद्मनाभन यांचे विद्यार्थी जसजीत बगला यांनी पुढे, २००२ मध्ये, ‘ट्रीपीएम’ ही रीत मांडली. जवळच्या कणांचे आकर्षण एका पद्धतीने आणि दूरच्यांचे जाळीवर, अशी तिची विभागणी आहे. मोठे यंत्र हाताशी नसेल तर हिशेबच शहाणपणाने करावा, ही जुनी शिकवण इथेही दिसते.

२०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि विद्यापीठांच्या, आयआयटींच्या आवारात ‘परम’ मालिकेतली यंत्रे येऊ लागली. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेला २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ मिळाला. आयआयटीएमला २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ मिळाला. त्याच्या बळावर २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीचे भारत अंदाज प्रणालीचे मॉडेल कार्यान्वित झाले. त्याआधी ही जाळी बारा किलोमीटरची होती.

सहा किलोमीटरच्या चौकटीतही पावसाळी ढग पुरता मावत नाही. थेंब कसे बनतात, धूलिकण त्यात काय करतात, हे मॉडेलात अजून सूत्रांनी अंदाजे धरावे लागते, आणि सूत्र चुकले की पाऊस चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी पडतो. पुण्यातल्या कित्येक प्रबंधांचा विषय आज हाच आहे. त्यासाठी लागणारी मोजमापे महाबळेश्वरच्या मेघभौतिकी प्रयोगशाळेतून येतात, तशीच ती आली २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘काइपिक्स’ मोहिमेतल्या विमानांमधून, ज्यांनी सोलापूरच्या आकाशातल्या ढगांमध्ये शिरून थेंब मोजले.