नदीपार जाण्याची वाट

नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरांत हौशी मंडळी आज जीपगाड्या खडकांतून, ओढ्यांतून हांकतात. चाक रुतलें, तर तीहि मौज! परंतु याच मुलुखांतून कोंकणांत उतरणाऱ्यास नदी ओलांडणें जिवावरचें असे. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें पांडवलेण्यांतील १० व्या लेण्यांत कोरविलें आहे, कीं इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर आपण फुकट नावा ठेविल्या. दोन्ही तीरांवर निवारे व पाणपोया केल्या. पारदा ती पार, दमण ती दमणगंगा. दोघींचा उगम नाशिकच्याच डोंगरांत. पेठ-सुरगाण्यांतील कित्येक पाड्यांची वाट पावसाळ्यांत ओढ्यानें अजूनहि अडते. तेथें आजाऱ्यास डोलींतूनच पलीकडे नेतात.