'बिफोर द पॉयझन': मॅरिअ‍ॅन फेथफुलच्या अल्बमचं समीक्षकांनी काय केलं?

'बिफोर द पॉयझन' हा ब्रिटिश गायिका मॅरिअ‍ॅन फेथफुल (१९४६–२०२५) यांचा अल्बम २००४ मध्ये युरोपात आणि २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्या ५८ वर्षांच्या आसपास होत्या. पीजे हार्वी, निक केव्ह, डेमन अल्बार्न आणि जॉन ब्रायन या चौघांसोबत केलेल्या या अल्बमचं समीक्षकांनी एकूण चांगलं स्वागत केलं. पण कौतुकाबरोबर एक प्रश्नही सतत विचारला गेला: हा अल्बम नेमका कोणाचा?

आधीची गोष्ट

फेथफुल यांची पहिली ओळख १९६४ ची. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि अँड्र्यू ओल्डहॅम यांनी लिहिलेलं 'अ‍ॅज टिअर्स गो बाय' हे गाणं त्यांनी सतराव्या वर्षी गायलं आणि ते गाजलं. तेव्हाचा त्यांचा आवाज कोवळा, स्वच्छ होता. पुढे जॅगर यांची प्रेयसी म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना चघळलं. सत्तरचं दशक हेरॉइनच्या व्यसनात गेलं. काही काळ त्यांनी लंडनच्या सोहो भागात बेघर अवस्थेत काढला.

१९७९ मध्ये 'ब्रोकन इंग्लिश' आला, तेव्हा ऐकणारे चमकले. आवाज खाली उतरला होता, घोगरा झाला होता, जागोजागी चिरकत होता. हाच आवाज पुढे त्यांची ओळख बनला. त्यानंतरच्या त्यांच्या जवळपास प्रत्येक अल्बमची तुलना 'ब्रोकन इंग्लिश'शी होत राहिली. 'बिफोर द पॉयझन'ही त्याला अपवाद नव्हता.

कोणी काय केलं?

अल्बममध्ये दहा गाणी आहेत. त्यांची वाटणी साधारण अशी:

- पीजे हार्वी: निम्मी, म्हणजे पाच गाणी. काही संपूर्ण हार्वी यांची, तर शीर्षकगीत आणि 'इन द फॅक्टरी' दोघींनी मिळून रचलेली. गिटार कोरडी आणि खरखरीत, वाद्यं मोजकी.
- निक केव्ह: तीन गाणी, 'क्रेझी लव्ह', 'देअर इज अ घोस्ट' आणि 'डेस्परँटो'. त्यांच्या बॅड सीड्स या बँडमधले वादकही साथीला आहेत.
- डेमन अल्बार्न: 'लास्ट साँग'. याच चालीवर पुढे अल्बार्न यांच्या 'द गुड, द बॅड अँड द क्वीन' या गटाचं 'ग्रीन फील्ड्स' हे गाणं २००७ मध्ये आलं.
- जॉन ब्रायन: शेवटचं गाणं, 'सिटी ऑफ क्वार्ट्झ'.

विषय जड आहेत. गमावलेली माणसं, आटलेलं प्रेम, वय, जगात साचत चाललेला हिंसेचा काळोख. शीर्षकातलं 'विष' येण्याआधीचा काळ म्हणजे नेमका कोणता, हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं आहे.

समीक्षकांना काय भावलं?

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. या आवाजात सफाई शोधण्यात अर्थ नाही, हे बहुतेकांनी गृहीतच धरलं होतं. शब्द उच्चारताना येणारी धार आणि थकव्यातही न सुटणारा ताठा, यालाच त्यांनी दाद दिली. केव्ह यांच्या पियानोवर बेतलेल्या संथ गाण्यांत हा आवाज विशेष उठून दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एकसंधपणा. २००२ च्या 'किसिन टाइम'मध्येही बेक, बिली कॉर्गन, जार्व्हिस कॉकर आणि ब्लर अशी तरुण मंडळी होती. मात्र तिथे प्रत्येक गाणं वेगळ्या घरातून आल्यासारखं वाटत होतं. 'बिफोर द पॉयझन'ची आठ गाणी दोनच सहकाऱ्यांसोबतची आहेत आणि त्या दोघांचाही पिंड फेथफुल यांच्या जवळचा. त्यामुळे अल्बमभर एकच मनःस्थिती टिकते.

आक्षेप कोणते होते?

मुख्य आक्षेप हार्वी यांच्या गाण्यांवर होता. ती हार्वी यांच्याच अल्बममधली वाटतात, फेथफुल तिथे पाहुण्या ठरतात, असं काहींचं म्हणणं. याला निमित्तही होतं. 'नो चाइल्ड ऑफ माइन' या गाण्याचा छोटा तुकडा हार्वी यांच्या २००४ च्याच 'अह हह हर' या अल्बममध्ये आहे.

दुसरा आक्षेप काळाशी जोडलेला होता. १९९४ मध्ये निर्माते रिक रुबिन यांनी जॉनी कॅश यांना नव्या पिढीसमोर आणलं. २००४ मध्ये जॅक व्हाइट यांच्यासोबत लोरेटा लिन यांचा 'व्हॅन लिअर रोझ' आला. ज्येष्ठ गायक आणि तरुण चाहते-संगीतकार ही जोडी एव्हाना एक ठरलेला साचा झाली होती. त्यामुळे इथेही तोच साचा तर नाही ना, ही शंका घेतली गेली.

'कोणाचा अल्बम' हा प्रश्न का बोचतो?

रॉक संगीतात साठच्या दशकापासून स्वतःचं गाणं स्वतः लिहिणाऱ्याला मान जास्त. नुसत्या गाणाऱ्याला, विशेषतः गाणारी स्त्री असेल तर, दुय्यम समजलं जातं. फेथफुल यांनी हे प्रत्यक्ष भोगलं होतं. 'सिस्टर मॉर्फिन' या गाण्याच्या शब्दांत त्यांचा वाटा होता. तरीही रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बमवर श्रेय फक्त जॅगर-रिचर्ड्स यांना मिळालं. फेथफुल यांचं नाव तिथे येण्यासाठी कायदेशीर झगडा आणि बरीच वर्षं जावी लागली.

या पार्श्वभूमीवर 'बिफोर द पॉयझन'ची श्रेयनामावली वाचण्यासारखी आहे. केव्ह, अल्बार्न आणि ब्रायन यांच्यासोबतच्या गाण्यांत शब्द लिहिणाऱ्या म्हणून फेथफुल यांचं नाव आहे. म्हणजे दहातल्या निम्म्याहून अधिक गाण्यांच्या रचनेत त्यांचा हात आहे. हार्वी यांच्या छायेबद्दलचा आक्षेप काही गाण्यांपुरता रास्त ठरेल, पण संपूर्ण अल्बमला तो लागू पडत नाही.

पुढे काय झालं?

या अल्बमनं जुळवलेलं नातं टिकलं. २०१८ च्या 'निगेटिव्ह केपेबिलिटी'मध्ये केव्ह पुन्हा आले. बॅड सीड्सचे वॉरन एलिस यांच्यासोबत २०२१ मध्ये 'शी वॉक्स इन ब्यूटी' हा इंग्रजी कवितांच्या वाचनाचा अल्बम झाला. ३० जानेवारी २०२५ रोजी फेथफुल यांचं लंडनमध्ये निधन झालं. त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध समजून घ्यायचा असेल, तर 'ब्रोकन इंग्लिश'नंतर ऐकायला 'बिफोर द पॉयझन' हा चांगला टप्पा आहे. सुरुवात 'देअर इज अ घोस्ट'पासून केली तरी चालेल.