सुप्पारकाचा पुण्ण

मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्त बहुधा क्षमेचा पाठ म्हणून वाचले जाते. आम्हांस त्यात स्वतःच्या मुलखात परतणारा माणूस दिसतो. अट्ठकथेच्या परंपरेनुसार पुण्ण हा सुप्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा. व्यापारानिमित्त सावत्थीस गेला आणि तेथे भिक्खू झाला. सूनापरान्तास निघताना भगवंतांनी त्याला विचारले : तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली, हिणवले, तर? हात, ढेकूळ, काठी, शस्त्र आणि अखेर वध, हे प्रश्न त्यानंतरचे. प्रारंभ शब्दांच्या माराने आहे, आणि तो योग्यच होय. परक्याची काठी एक वेळ सोसवते. ज्यांच्यात वाढलो त्यांचे हसणे सोसवत नाही. १९५६ नंतर गावी राहून धम्म पाळलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. पुण्णाचे उत्तर साधे होते : हात उगारला नाही, म्हणजे लोक भलेच.

तो गेला. त्याच वर्षावासात पाचशे उपासक व तितक्याच उपासिका झाल्याचे सुत्त सांगते. (पाचशे ही पालीतील ठरीव संख्या, तिला शिरगणती मानू नये.) लोकांनी त्याला खरोखर हिणवले काय, याविषयी सुत्त मौन पाळते. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावी सापडला.