सरकारची वही आणि रयतेचा हक्क

काशीत पंचगंगा घाटाच्या पुढे दुर्गा घाट आणि त्याला लागून ब्रह्मा घाट आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात हे घाट बांधविले, आणि या परिसरात मराठी वस्ती रुजली. त्या काळी दक्षिणेतून काशीला दानधर्मासाठी द्रव्य जात असे. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार शेतसारा असल्यामुळे त्या पुण्यात नांगर धरणाऱ्या रयतेचाही वाटा होता.

या व्यवहारांचे हिशेब पेशवे लिहून ठेवीत. दुष्काळात सारा किती सोडला, बी-बैलांसाठी तगाई किती दिली, याच्याही नोंदी होत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा त्या कारभाराची बारीक ओळख सर्वांना झाली. परंतु ती वही सरकारने सरकारसाठी लिहिलेली होती. सूट मिळणे ही कृपा होती. ती मागण्याचा हक्क लिखित स्वरूपात रयतेच्या हाती नव्हता.

इंग्रजी अमदानीत नियम लिहिले गेले, पण ते इंग्रजीत राहिले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाली. सरकारने मदतीची कामे केव्हा काढावी, साऱ्याची वसुली केव्हा तहकूब ठेवावी, हे त्या काळात लेखी ठरले होते. १८९६ साली पाऊस दगा देऊन गेला. तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे त्या नियमांचा अर्थ मराठीत गावोगाव पोचविला. सभेचे कार्यकर्ते खेड्यांत जाऊन पिकांची स्थिती पाहू लागले व शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावू लागले. त्यांनी नवा कायदा मागितला नव्हता. सरकारचाच नियम सरकारला वाचून दाखविला होता. तरीही सरकार बिथरले. काहींवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. बंदुकीपेक्षा भाषांतराचे भय राज्यकर्त्यांना अधिक वाटावे, असा हा प्रसंग होता.

स्वतंत्र भारतात हे वर्तुळ पुरे होण्यास बराच काळ लागला. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ साली केंद्राचा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात, त्यांसाठी किती रक्कम ठेविली आहे आणि लाभ कोणास मिळाला, हे सरकारी कार्यालयांनी न मागता प्रसिद्ध करावयाचे आहे.

त्याचे मोल लवकरच दिसले. २०१९ साली शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये थेट देणारी किसान सन्मान योजना सुरू झाली. माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून २०२१ च्या आरंभी उघड झाले की, २० लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये पोचले होते. त्यांत प्राप्तिकर भरणारेही पुष्कळ होते. पुढे १८ जून २०२४ रोजी याच वाराणसीतून या योजनेचा सतरावा हप्ता देशभरातील ९ कोटी २६ लाख शेतकऱ्यांसाठी सोडण्यात आला. ज्या काशीकडे एके काळी रयतेचा पैसा जात होता, तेथूनच तो रयतेकडे निघाला.

मात्र यादी उघड झाली म्हणजे सारे झाले, असे नाही. यादीत अपात्र माणूस सापडतो. पण जो पात्र असून वगळला गेला, त्याचे नाव यादीत कोठून असणार? त्याला यादीपेक्षा नियम कळला पाहिजे, तोही त्याच्या भाषेत आणि त्याच्या चावडीवर. नियम ठाऊक असलेला शेतकरीच आपले नाव का नाही, असे विचारू शकतो. लोकमान्यांनी १८९६ साली नेमके हेच काम हाती घेतले होते. सरकारची वही उघडी असावी, आणि ती वाचता येणारा नागरिक तिच्यासमोर उभा असावा. या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच दान संपते आणि हक्क सुरू होतो.